लहान चणीचा रिसीव्हर: कोच त्याला खरंच कमी लेखतात का?

प्रश्न थोडक्यात असा: मुलगा न्यू जर्सीत अकरावीत आहे आणि शाळेच्या अमेरिकन फुटबॉलच्या व्हार्सिटी (मुख्य) संघात वाइड रिसीव्हर, म्हणजे पुढे पळत जाऊन पास झेलणारा खेळाडू, आहे. उंची 5 फूट 7 इंच, वजन 145 पौंड, म्हणजे साधारण 66 किलो. सरावात एकास एक खेळताना तो कुणाच्या हाती लागत नाही. सामन्यात मात्र त्याला 12-15 स्नॅप (खेळी) मिळतात, तेही पंट (विरोधी संघाने लाथेने मारलेला चेंडू) परतवायला आणि एखाद्या बबल स्क्रीनपुरते (रेषेजवळच टाकलेला आखीव छोटा पास). त्याच्या जागी 6 फूट 2 इंचांचा मुलगा उतरतो आणि त्याच्या हातून चेंडू सुटतात. कोच निव्वळ उंची बघून मुलाला डावलतायत का?

डावलत असण्याची शक्यता आहे, पण तुम्ही दाखवताय तो त्याचा पुरावा नव्हे. स्नॅप कमी मिळण्याला अनेक रास्त कारणं असू शकतात. माझी नजर दुसरीकडे जाते: मिळालेल्या स्नॅपमध्ये त्याला काय करायला सांगतात? बबल स्क्रीन, जेट स्वीप (आडवं पळत येऊन चेंडू हातात घेऊन धावणं) आणि पंट एवढंच त्याच्या वाट्याला येत असेल, तर कोचने त्याच्या पायांची किंमत केली आहे, रिसीव्हर म्हणून अजून केलेली नाही. लहान चणीच्या खेळाडूवरचा अन्याय बहुतेक वेळा याच रूपात येतो, आणि हातात चेंडू दिसत असल्यामुळे घरच्यांना ते कौतुक वाटतं.

आधी हे बघा की त्याची तुलना कोणत्या कामासाठी होते आहे. रिसीव्हर ही एकच जागा नाही. चेंडू स्नॅप होताना, म्हणजे खेळी सुरू करायला मागे दिला जाताना, स्क्रिमेज रेषेमागे (खेळी जिथून सुरू होते ती रेषा) चारपेक्षा जास्त खेळाडू उभे राहू शकत नाहीत, म्हणून एका टोकाच्या रिसीव्हरला रेषेवरच उभं राहावं लागतं. तो एक्स. समोरचा कॉर्नरबॅक (रिसीव्हरला रोखणारा बचावपटू) त्याच्या छातीला छाती लावून उभा राहू शकतो आणि पहिल्याच पावलाला हात घालू शकतो. एनएफएलमध्ये (अमेरिकेतली व्यावसायिक लीग) हा हात 5 यार्डांनंतर काढावा लागतो, हायस्कूलच्या नियमांत 5 यार्डांची अशी मर्यादा नाही. रिसीव्हर बचावपटूच्या बरोबरीला येईपर्यंत त्याला अडवता येतं. दुसऱ्या बाजूचा झेड आणि आतला स्लॉट रेषेपासून यार्डभर मागे उभे राहतात, त्यांना स्नॅपआधी आडवं पळत जागा बदलता येते, आणि त्यांच्यावर थेट हात घालणं त्यामुळे अवघड होतं.

तुमच्या मुलाची तुलना जर एक्सशी होत असेल, तर 6 फूट 2 इंचांचा मुलगा दोन चेंडू सोडूनही पुढे राहील, आणि त्यात कोचचं फारसं चुकत नाही. एक्सकडे टाकलेला चेंडू बऱ्याचदा बाजूच्या रेषेलगत, खांद्यावर बचावपटू असताना, उंचावरून येतो. इथे उडीने उंचीची भरपाई होते असं मुलं म्हणतात, म्हणून हिशेब मांडून बघू. समजा उभ्याने हात वर केल्यावर तुमच्या मुलाची बोटं 7 फूट 5 इंचांवर जातात आणि त्या मुलाची 8 फूट 2 इंचांवर. तुमचा मुलगा 36 इंच उडी मारतो, ही फार चांगली उडी झाली, आणि तो 30 इंच. तुमचा मुलगा 10 फूट 5 इंच गाठतो, तो 10 फूट 8 इंच. सहा इंच जास्त उडी मारूनही तीन इंच कमीच. शिवाय हायस्कूलचा क्वार्टरबॅक (पास फेकणारा) नेमका फेकत नाही. चेंडू दीड हात इकडे-तिकडे जाणारच हे कोच धरून चालतात, आणि लांब हातांचा मुलगा ती चूक झाकतो. एंड झोनच्या (गुण मिळवण्याच्या पट्ट्याच्या) कोपऱ्यातल्या, उंच पास झेलण्याच्या फेड रूटला (रूट म्हणजे रिसीव्हरने पळायची आखलेली वाट) हेच गणित लागू पडतं. त्या दोन कामांसाठी भांडू नका.

भांडायचं तर स्लॉटसाठी. तिथे मात्र कोच चुकू शकतात, आणि मोठमोठे चुकलेले आहेत. वेस वेल्कर 5 फूट 9 इंचांचा. 2004 मध्ये ड्राफ्टमध्ये (संघ कॉलेजचे खेळाडू निवडतात ती प्रक्रिया) त्याला कुणी घेतलं नाही. सॅन डिएगोने एका सामन्यानंतर सोडून दिलं, मायामीने उचललं ते मुख्यतः चेंडू परतवण्यासाठी. 2007 मध्ये न्यू इंग्लंडने दुसऱ्या आणि सातव्या फेरीची निवड देऊन त्याला आणलं, स्लॉटमध्ये उभं केलं आणि आतल्या लाइनबॅकरला (बचावाच्या दुसऱ्या फळीतला खेळाडू) वाचून आत किंवा बाहेर वळण्याची मोकळीक असलेला ऑप्शन रूट त्याच्या हाती सोपवला. त्या वर्षी 112 झेल, 2009 मध्ये 14 सामन्यांत 123. उंची तीच होती, काम बदललं होतं.

स्टीव्ह स्मिथचं उदाहरण आणखी बोलकं आहे. 5 फूट 9 इंच, 2001 मध्ये तिसऱ्या फेरीत कॅरोलायनाने घेतला. पहिल्या हंगामात परतवण्याच्या कामासाठी त्याची ऑल-प्रो (लीगमधल्या सर्वोत्कृष्टांच्या) संघात निवड झाली आणि रिसीव्हर म्हणून त्याचे झेल होते अवघे 10. 2005 मध्ये 103 झेल, 1,563 यार्ड आणि 12 टचडाउन. यार्डांत तो लीगमध्ये पहिला होता, झेल आणि टचडाउनमध्ये संयुक्त पहिला. आणि तो बाहेरच्या टोकाला खेळायचा. मात्र त्याच्या अंगातली ताकद आणि चेंडूसाठीची झोंबाझोंबी बघता तो अपवाद आहे. त्याच्याकडे बोट दाखवून आपल्या मुलाला एक्स मागणं मला पटत नाही.

आता उलटं उदाहरण. टॅव्हॉन ऑस्टिन, 5 फूट 8 इंच, 2013 च्या ड्राफ्टमध्ये थेट आठवा. याला कमी लेखलं असं कोण म्हणेल? तरी रिसीव्हर म्हणून एकाही हंगामात तो 600 यार्डांपर्यंत पोहोचला नाही. त्याच्या वाट्याला मोठ्या प्रमाणावर रेषेजवळचे छोटे पास, स्वीप आणि परतवणं आलं. असं वापरलेल्या खेळाडूला पूर्ण रूट पळण्याची, बचाव वाचण्याची सवयच लागत नाही, आणि दोन वर्षांनी कोच म्हणतात की याला रूट येत नाहीत. तुमचा मुलगा अकरावीत आहे. या चक्रातून त्याला आत्ताच बाहेर काढायला हवं.

सरावातल्या पुराव्याबद्दल स्पष्ट बोलतो, कारण पालक सगळ्यात जास्त तिथेच फसतात. एकास एक खेळताना रिसीव्हरला अर्धं मैदान मोकळं असतं, बचावाच्या मदतीला सेफ्टी (सर्वांत मागचा बचावपटू) नसतो, लाइनबॅकर नसतो, आणि क्वार्टरबॅकवर कुणी धावून येत नाही. चार-चार वेळा पाय नाचवून तो कॉर्नरला फसवतो आणि सगळे टाळ्या वाजवतात. उन्हाळ्यातल्या सेव्हन-ऑन-सेव्हनमध्येही (सात-सात जणांचा, फक्त पासचा खेळ) बहुतेक ठिकाणी चेंडू फेकायला 4 सेकंद मिळतात. सामन्यात हायस्कूलच्या लाइनमागे क्वार्टरबॅकला अडीच सेकंद मिळाले तरी नशीब, आणि तीन पावलांच्या झटपट पासमध्ये दीड सेकंदात चेंडू हातातून सुटलेला असतो. दोन सेकंदांनी मोकळा होणारा रिसीव्हर त्या खेळीपुरता मोकळा झालेलाच नसतो. त्यामुळे सरावाच्या फिल्मवर घड्याळ लावा. स्नॅपपासून रूटच्या वळणापर्यंत किती वेळ गेला? स्लँटला (तिरपा आत वळणारा रूट) दीड सेकंदाच्या आत आणि 10 यार्डांच्या आउटला (बाहेर वळणारा रूट) अडीच सेकंदांच्या आत तो वळत नसेल, तर कोचला जे दिसतंय ते तुम्हाला दिसत नाहीये.

फिल्म बहुतेक शाळांत हडल या व्हिडिओ सेवेवर असते आणि खेळाडूला ती बघता येते. चार सामने घ्या. मुलगा मैदानावर असलेल्या प्रत्येक स्नॅपची एक ओळ लिहा: तो कुठे उभा होता, कोणता रूट, समोरचा किती यार्ड मागे होता, मॅन (एकाला एक बचावपटू) की झोन (प्रत्येक बचावपटू एक भाग सांभाळतो), चेंडू सुटला त्या क्षणी दोघांत हातभर तरी अंतर होतं का, क्वार्टरबॅकने त्याच्याकडे पाहिलं का, निकाल काय. धावण्याची खेळी असेल तर त्याने कुणाला अडवलं आणि किती वेळ. त्याच्या जागी खेळणाऱ्या मुलाचंही असंच लिहा. कंटाळवाणं काम आहे, एका सामन्याला दोन-अडीच तास जातात. पण याशिवायची सगळी चर्चा मतांची आहे.

मग झेल मोजू नका, रूटमागे किती यार्ड आले ते काढा. समजा तुमचा मुलगा 60 रूट पळाला, 14 वेळा चेंडू त्याच्याकडे आला, 108 यार्ड मिळाले. दर रूटमागे 1.8 यार्ड. दुसरा 120 रूट पळाला, 18 वेळा चेंडू, 132 यार्ड, म्हणजे 1.1. इथे थांबलात तर अन्याय सिद्ध झाला असं वाटेल. पण तुमच्या मुलाच्या 14 मधले 6 बबल स्क्रीन होते आणि त्यांवर 30 यार्ड आले. ते त्याच्यासाठी मुद्दाम आखलेले पास होते, त्यात मोकळं होण्याचं कसब लागत नाही. ते वजा केले की 54 रूट, 8 वेळा चेंडू, 78 यार्ड, म्हणजे सुमारे 1.4. फरक अजूनही त्याच्या बाजूने आहे, पण बराच आकसला. चौथ्या क्वार्टरमध्ये 28 गुणांची आघाडी असताना समोर राखीव खेळाडू असतील, तर त्या खेळीही वेगळ्या काढा. एवढं गाळूनही तो दुसऱ्याच्या बरोबरीने किंवा वर असेल, तर तुमच्या म्हणण्यात दम आहे. आकडा लहान आहे याचं भान ठेवा. 54 रूटमध्ये एक 40 यार्डांचा पास सगळं चित्र पालटतो, म्हणून सर्वांत मोठा पास काढून पुन्हा एकदा भागाकार करा.

एक गोष्ट आकड्यांत दिसत नाही: चेंडू आला नाही, पण मुलगा मोकळा होता. ती ओळ मला झेलांपेक्षा महत्त्वाची वाटते. मधल्या भागात लहान रिसीव्हर लाइनमनच्या आणि लाइनबॅकरच्या मागे अक्षरशः दिसेनासा होतो. समोर सहा-सव्वासहा फुटांची भिंत, आणि हायस्कूलचा क्वार्टरबॅक स्वतः 5 फूट 11 इंचांचा. अशा वेळी दोष क्वार्टरबॅकला देऊन भागत नाही. झोन असेल तर दोन लाइनबॅकरच्या मधल्या फटीत थांबायचं, छाती पूर्ण क्वार्टरबॅककडे वळवायची, हात छातीसमोर आणून दाखवायचे आणि तिथून सरकायचं नाही. फटीत थांबून मग दोन पावलं सरकणं ही अंगचपळ मुलांची नेहमीची खोड आहे. मॅन असेल तर उलट, पाय थांबवायचे नाहीत. झोनमध्ये पळत राहणारा आणि मॅनमध्ये थांबणारा स्लॉट कितीही वेगवान असला तरी कोच त्याला तिसऱ्या डाउनला (10 यार्ड मिळवायच्या चारपैकी तिसऱ्या प्रयत्नाला) उतरवणार नाहीत, कारण क्वार्टरबॅक जिथे तो असेल असं धरून फेकतो तिथे बचावपटू उभा असतो.

आता ब्लॉकिंग, म्हणजे आपला खेळाडू चेंडू घेऊन धावत असताना बचावपटूला अडवणं. माझ्या मते लहान रिसीव्हरला स्नॅप न मिळण्याचं सर्वांत मोठं कारण हेच असतं आणि घरी त्यावर सर्वांत कमी बोललं जातं. हायस्कूलचे बरेच संघ निम्म्याहून जास्त खेळी धावून करतात. स्लॉट अडवू शकत नसेल तर त्याला फक्त पासच्या वेळी आत पाठवावं लागतं. तो आत आला की समोरच्या संघाला कळतं, पास येतोय. 12 स्नॅपपैकी 10 पासचे असतील, तर विरोधी कोच त्याच्या जर्सीचा क्रमांक बघूनच बचाव ठरवतील. तुमच्या यादीत हे प्रमाण काढा. 12 पैकी 10 किंवा 11 पास दिसले, तर त्याला कमी स्नॅप का मिळतात याचं उत्तर बहुधा सापडलं.

वरच्या पातळीवरही वारं याच दिशेने वाहतं आहे. 1978 मध्ये एनएफएलने 5 यार्डांपलीकडचा हात बंद केला, 2004 मध्ये त्याची अंमलबजावणी कडक झाली, पुढे तीन रिसीव्हरची रचना नेहमीची झाली. या सगळ्यातून लहान स्लॉटला सुगीचे दिवस आले. पण मग बचावाने पाचवा बॅक (पास रोखणारा जादा बचावपटू) कायमचा आत ठेवला, तेव्हा आक्रमणाने त्याच तीन रिसीव्हरनिशी धावायला सुरुवात केली. रॅम्सचा कूपर कप 2021 मध्ये 145 झेल आणि 1,947 यार्डांसह लीगमध्ये अव्वल ठरला. तो 6 फूट 2 इंचांचा, आणि धावण्याच्या खेळीत आत येऊन बचावाच्या मोठ्या खेळाडूंना अडवायचा. हायस्कूलचे कोच हे बघतात आणि तसाच स्लॉट शोधतात. त्याच वेळी 2023 च्या ड्राफ्टमध्ये 5 फूट 9 इंचांचा झे फ्लॉवर्स 22 वा गेला आणि 5 फूट 8 इंच, 165 पौंडांचा टँक डेल तिसऱ्या फेरीत. म्हणजे दार बंद झालेलं नाही. पण डेलचं पुढे काय झालं तेही लक्षात ठेवा: पहिल्या हंगामात 11 सामन्यांत 709 यार्ड आणि 7 टचडाउन केल्यावर, गोल लाइनजवळच्या धावण्याच्या खेळीत घोळक्यात अडकून त्याचं पायाचं हाड मोडलं. लहान खेळाडूला जपायचं म्हणजे बाकावर बसवायचं असा अर्थ मी काढत नाही. गोल लाइनच्या गर्दीत त्याला उभं करू नये, एवढा काढतो.

तर ब्लॉक शिकायचा तो मैदानाच्या कडेचा, कॉर्नर आणि सेफ्टीवरचा. लहान चण इथे अडचण कमी आणि सोय जास्त आहे, कारण जो खाली असतो त्याचा जोर लागतो. समोरच्याकडे रूट पळतोय अशाच वेगाने जायचं, म्हणजे तो मागे सरकतो. दीड-दोन यार्डांवर आल्यावर पाय खांद्यांपेक्षा थोडे रुंद करून छोटी पावलं टाकायची, कंबर खाली, कोपरं बरगड्यांना लागून, आणि तळहात त्याच्या छातीवर, खांद्याच्या पॅडच्या आतल्या कडेला. मग ढकलायचं नाही, त्याच्यासमोर राहायचं. दोन-अडीच सेकंद पुरतात, तोवर धावणारा पुढे निघून गेलेला असतो. चुकतं कुठे? मुलं यार्डभर आधीच झेप घेतात, डोकं खाली जातं आणि समोरचा बाजूने निसटतो. किंवा हात खांद्याच्या बाहेर जातात आणि होल्डिंगची (धरून ठेवल्याची) शिट्टी वाजते. पायात घुसून पाडण्याचा मोह टाळा, कडेच्या मोकळ्या भागात कमरेखालचा ब्लॉक हायस्कूलमध्ये चालत नाही. आतल्या लाइनबॅकरला बाजूने येऊन अडवायचं असेल तर तळहात उघडे हवेत. न बघणाऱ्या खेळाडूला खांद्याने उडवलं तर 15 यार्डांचा दंड बसतो, आणि कोच ते आठवडाभर विसरत नाहीत.

प्रेसमधून, म्हणजे छातीला भिडून उभ्या बचावपटूपासून, सुटण्याबद्दल थोडं, कारण स्लॉटलाही कधीतरी छातीवर माणूस येतो. उभं राहताना पाय जवळ, पुढच्या पायावर बहुतेक सगळं वजन. स्नॅपला मागचा किंवा पुढचा पाय आधी मागे जातो का ते फिल्मवर हळू करून बघा. ते खोटं पाऊल म्हणजे फुकट गेलेला वेळ. कबड्डीत चढाईपटू पाय आत टाकून बचावाला हलवतो तसं एक ठाशीव पाऊल एका बाजूला, समोरच्याची कंबर वळली की दुसऱ्या बाजूने निघायचं, जवळच्या हाताने त्याचं मनगट खाली झटकायचं. एक, फार तर दोन हालचाली. सुटल्यावर लगेच पुन्हा त्याच्या पुढ्यात यायचं, म्हणजे तो पाठीमागे अडकतो. लहान मुलं इथे बाहेर पळत राहतात आणि बाजूच्या रेषेला चिकटतात. मग चेंडू टाकायला जागाच उरत नाही. सरळ रूट पळताना रेषेपासून 5 यार्ड आत राहायला हवं.

आणि वळण. हे त्याचं हक्काचं हत्यार आहे. गुरुत्वमध्य खाली असल्याने तो उंच मुलापेक्षा कमी पावलांत थांबू शकतो, मात्र वळणाआधी छाती वर उचलली नाही तरच. छाती उठली की कॉर्नरला चाहूल लागते. शेवटच्या तीन पावलांत खांदे गुडघ्यांवर, हात पळताना हलतात तसेच हलते. मोबाइलने बाजूने चित्रण करा, हेल्मेटची उंची वळणाच्या आधी बदलते का एवढंच बघा.

कोचकडे काही मागायचं असेल तर मैदानाचा रुंद भाग मागावा. हायस्कूलमध्ये हॅश मार्क (ज्यांच्या दरम्यान चेंडू ठेवून खेळी सुरू होते त्या खुणा) मैदानाचे तीन समान भाग करतात, 53 फूट 4 इंचांचे. चेंडू एका हॅशवर असला की पलीकडे 35 यार्डांहून जास्त जागा मोकळी असते. एनएफएलमध्ये हीच जागा 30 यार्डांहून कमी भरते. त्या रुंद बाजूला स्लॉटमधून ऑप्शन रूट, व्हिप (आत वळल्याचं दाखवून बाहेर फिरणारा रूट) आणि आडवी हालचाल करून घेतलेला आउट, हे तीन रूट लहान चणीच्या वेगवान मुलासाठी सोन्यासारखे आहेत. कॅनडाच्या फुटबॉलमध्ये मैदान 65 यार्ड रुंद आणि स्नॅपआधी पुढे पळत येण्याची मुभा, त्यामुळे 5 फूट 7 इंचांचा ब्रँडन बँक्स 2019 मध्ये तिथला सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. एनएफएलमध्ये वॉशिंग्टनने त्याला चेंडू परतवण्यासाठीच वापरलं होतं. जागा मिळाली की चणीचा प्रश्न किती बदलतो ते यातून दिसतं.

वजनाबद्दल. 145 वरून 155 पौंड व्हायला पाच-सहा महिने द्या, आठवड्याला अर्धा पौंडाच्या आसपास. घाईने वाढवलेलं वजन पायांत जडपणा आणतं, आणि त्याच्याकडे असलेली एकमेव गोष्ट हरवते. दिवसाला किलोमागे 1.6 ग्रॅम प्रथिनं, म्हणजे 105 ग्रॅमच्या घरात. आपल्या शाकाहारी घरांत इथे तूट पडते. वाटीभर वरणात सात-आठ ग्रॅम, पेलाभर दुधात आठ, 100 ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास, अंडी चालत असतील तर एका अंड्यात सहा. पोळी-भाजी-वरण-भातावर हा आकडा गाठता येत नाही, बेरीज करून बघा.

कोचशी बोलायला मुलाने जावं, तुम्ही नाही. सामन्यानंतर नाही, आठवड्याच्या सुरुवातीला, सरावाआधी. दुसऱ्या मुलाचं नाव काढायचं नाही, त्याचे सुटलेले चेंडू तर मुळीच नाहीत, कारण ते नाव आलं की कोच बचावात जातात आणि बोलणं संपतं. तुमचा आकड्यांचा तक्ता घरीच ठेवा. मुलाने एवढंच विचारावं: "कोच, तीन रिसीव्हरच्या रचनेत स्लॉटला खेळायचं तर मी कोणत्या दोन गोष्टी दाखवायला हव्यात?" उत्तर "ब्लॉकिंग" किंवा "रूटची खोली चुकते" असं नेमकं आलं, तर तुमच्या मुलाकडे नीट पाहिलेलं आहे. तीन आठवडे त्यावर काम करून सामन्यातल्या दोन चांगल्या ब्लॉकची आणि एका रूटची क्लिप घेऊन त्याने पुन्हा जावं. उत्तर "तू अजून थोडा वाढ" एवढंच आलं, आणि पुढच्या वेळीही तेच आलं, तर उंचीच आड येते आहे असं मी मानेन.

तसं झालं तर हंगाम संपल्यावर कॉलेजांना पाठवायची फिल्म त्याने स्वतः बांधावी. सुरुवात पंट परतवण्याने करू नका, सगळे लहान रिसीव्हर तीच करतात. पहिल्या सहा-सात क्लिप स्लॉटमधले पूर्ण रूट, त्यात किमान दोन मॅनविरुद्ध आणि दोन झोनविरुद्ध, मग दोन ब्लॉक, परतवणं शेवटी. चेंडू न आलेला पण स्वच्छ मोकळा झालेला एक रूटही घाला, कॉलेजचे कोच तो बघतात. 40 यार्डांची वेळ लेझरवर मोजलेली द्या. हाताच्या घड्याळावर ती साधारण दोन दशांश सेकंद कमी दिसते हे त्यांना माहीत असतं. आणि उंची 5 फूट 7 इंच हीच लिहा. 5 फूट 9 लिहून शिबिराला गेलेल्या मुलाचं माप पहिल्या पाच मिनिटांत घेतलं जातं, आणि मग त्याच्या लेझरच्या वेळेवरही कुणी विश्वास ठेवत नाही.